मार्थाबाईंचा आशीर्वाद

आशीर्वादच्या आफ्रिकेतल्या गावात आता मोबाइलचा टॉवर उभा राहिला आहे. वाटेल तेव्हा तो आईला व्हिडिओ कॉल करतो. मागं शाळेतली पोरं ओरडत असतात, एखादी कोंबडी पडद्यावरून चालत जाते, आणि मार्थाबाई सोलापुरात बसून त्या कोंबडीला हाकलतात. सगळं छान चाललं आहे. माझं काम मात्र गेलं. टॉवर यायच्या आधी मी त्या घराची पत्रवाचक होते, आणि नोकरीतून निवृत्त झाल्यावर जे काही केलं त्यात मला सगळ्यात जास्त आवडलेलं काम तेच.

आशीर्वाद साळवे माझा विद्यार्थी, शिवाय शेजारी. रेल्वे लाइन्सच्या मागच्या गल्लीत आमची दोन्ही घरं एका भिंतीला टेकून उभी आहेत. तो शाळेत असतानाच त्याचे वडील गेले. आई मार्था साळवे दवाखान्यात नर्स होत्या. गल्लीतल्या निम्म्या पोरांना पहिलं इंजेक्शन त्यांनीच टोचलं असेल. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मी मार्थाबाई म्हणायची.

त्यांना वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पण पोराचं अक्षर त्यांनाही हात टेकायला लावणारं होतं. भिजलेले कावळे तारेवर अंग चोरून बसावेत तशी त्याची अक्षरं रेघेवर बसायची, आणि काना कुठला, वेलांटी कुठली, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. मी नववी-दहावीत त्याचे मराठीचे पेपर तपासले होते, म्हणून मला ते लागायचं. त्याला परदेशी धाडताना मार्थाबाईंनी अट घातली होती की फोनवर ‘बरा आहे’ म्हणून सुटका करून घ्यायची नाही, कागदावर नीट लिहायचं. अट घालताना आपल्या पोराचं अक्षर त्यांच्या लक्षात राहिलं नाही, आणि मला नोकरी लागली.

आशीर्वाद अंगानं दांडगा. कान जरा बाहेर आलेले, शर्टाचं एक बटण कायम चुकीच्या काजात. हसायला लागला की आधी पोट हलायचं आणि आवाज मागून यायचा. कुठलंही काम सांगा, उत्तर ठरलेलं, “होतंय की.” ते होतही असे, फक्त वेळेवर होत नसे. वडिलांची जुनी स्कूटर घेऊन तो निघाला, की रस्त्यात दिसेल त्याला मागं बसवायचा आणि जिथं जायचं असेल तिथं सोडून यायचा. उशीर का झाला म्हणून विचारलं की म्हणे, “वाटेत माणसं असतात की, बाई.”

माझ्या भाच्याच्या लग्नात त्याला हार आणायला पाठवलं होतं. भटजींनी दोनदा घड्याळ पाहिलं, नवरानवरी मोकळ्या गळ्यानं उभी, आणि हा शेवटी घामाघूम होऊन आला. झालं होतं असं, की मार्केट यार्डाजवळ एक म्हातारा कांद्याचं पोतं घेऊन एसटीची वाट बघत होता. एसटी चुकली होती. मग ह्यानं पोतं पुढं घेतलं, म्हाताऱ्याला मागं, आणि तुळजापूर नाक्याला निघाला. हार चुरगळायला नकोत म्हणून दोन्ही हार म्हाताऱ्याच्याच गळ्यात घातले. वाटेत लोक त्या म्हाताऱ्याला हात जोडत होते म्हणे, कुठंतरी निवडून आला असेल असं समजून. नाक्यावर उतरताना म्हातारा हार काढायला तयार होईना. त्याची समजूत घालण्यात आणखी वेळ गेला.

आयटीआय करून तो एका कारखान्यात सुतारकामाला लागला. लग्नाची बोलणी सुरू झाली होती. अशात एका रविवारी त्यांच्या चर्चमध्ये आफ्रिकेतून एक पाहुणे आले. मलावी नावाच्या देशात, मोठ्या तळ्याकाठी त्यांची एक शाळा होती. तिथं पोरांना गणित आणि सुतारकाम शिकवायला, आणि रविवारी आजूबाजूच्या वस्त्यांवर जाऊन प्रभूचं वचन सांगायला एक तरुण माणूस हवा होता. पाहुण्यांनी विचारलं, कोण येईल? आणि आशीर्वादनं हात वर केला.

मला त्यानं हे दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा मी विचारलं, तुला आतून काही हाक वगैरे आली का? त्यानं थोडा विचार केला. मग म्हणाला, “तसं काय कळलं नाही, बाई. पण माणूस एवढ्या लांबून आलेला, आणि सगळे खाली मान घालून चपला बघायला लागले. मला बघवेना.”

जाण्याआधी त्याला चर्चच्या मंडळीपुढं एक उपदेश करून दाखवायचा होता. त्या दिवशी मीही शेजारधर्म म्हणून जाऊन बसले. तो पुढं उभा राहिला, कागद उघडला, आणि त्याला स्वतःचंच अक्षर लागेना. कागद उलटा धरून पाहिला, खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिला. पाळकांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, डोळे मिटून घेतले. शेवटी त्यानं कागद खिशात ठेवला, सगळ्यांकडं एकदा डोळे भरून पाहिलं आणि म्हणाला, “मला काय सांगायचं होतं ते आता जमत नाही. पण एवढे सगळे माझ्यासाठी आलात, लई बरं वाटलं. बाहेर चहा ठेवलाय. तोंड गोड केल्याशिवाय कुणी जाऊ नका.” आणि जाऊन बसला. लोक हसायला लागले, आणि हसता हसता कितीतरी जण डोळे पुसत होते.

मार्थाबाई पहिल्या रांगेत होत्या. त्या हसल्या नाहीत आणि डोळेही पुसले नाहीत.

त्यांचा राग त्यांनी घरी बोलून दाखवला. भिंत एकच असल्यामुळे ऐकू येऊ नये असं मला वाटलं तरी ऐकू आलंच. त्या म्हणाल्या, “तुझा बाप गेला तेव्हा तू हायस म्हणून मी उभी राहिले. रात्रपाळ्या केल्या. आता तू चाललास देवाच्या कामाला. मग माझं काम कुणाचं होतं?” त्यावर आशीर्वाद ‘होतंय की’ म्हणाला नाही.  मार्थाबाईच पुन्हा बोलल्या. जातोस तर जा, दर महिन्याला पत्र लिही, पण माझ्याकडनं उत्तराची वाट बघू नकोस. मी लिहायची नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेंगदाणे भाजल्याचा वास आमच्या घरात आला. राग राग करून त्यांनी एवढी शेंगाचटणी कुटली की गल्लीतल्या प्रत्येक घरी वाटीभर गेली.

पहिलं पत्र त्या चटणीबद्दलच होतं. मलावीच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं बॅग उघडली, तर आत पिशव्याच्या पिशव्या भरून लाल भुकटी. हे काय म्हणून त्यानं विचारलं. ह्याला इंग्रजीत चटणी सांगता येईना, म्हणून ह्यानं चिमूटभर उचलून तोंडात टाकली. मग अधिकाऱ्यानंही टाकली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यानं बाजूच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं, त्यांनी आणखी दोघांना. कुणीतरी डब्यातला भात आणला. आशीर्वादनं लिहिलं होतं, ‘आई, अर्धी चटणी विमानतळावरच संपली. पण त्या साहेबांनी मला बसपर्यंत सोडलं.’ मी वाचत होते आणि मार्थाबाई पाठमोऱ्या बसून लसूण सोलत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. हसतायत की काय ते त्यांनी मला दिसू दिलं नाही.

दुसऱ्या पत्रात भाषा होती. तिथले लोक भेटल्याबरोबर ‘मुली ब्वांजी’ म्हणतात. कसे आहात, एवढाच त्याचा अर्थ. पण पहिल्या दिवशी आशीर्वादला त्यातलं फक्त ‘मुली’ कळलं, आणि भेटेल त्याला तो मराठी-इंग्रजी-हातवारे करून सांगत सुटला की मला मुली नाहीत, माझं लग्न व्हायचंय. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की नव्या मास्तरला बायको पाहिजे आहे. दोन बाप तर आपापल्या लेकींची नावं सांगून गेले. हे वाचल्यावर मार्थाबाईंनी सोलायचा लसूण खाली ठेवला आणि विचारलं, पोरी कशा आहेत म्हणून काही लिहिलंय का?

पत्रं अशीच येत राहिली. तिथं ज्वारी नाही, मक्याचं पीठ शिजवून घट्ट गोळे करतात आणि हातानं खातात, आपल्या भाकरीसारखंच पोटाला धरतं. पोरांना फुटबॉल शिकवायला गेला तर पोरांनीच ह्याला शिकवलं. पहिलं बाक केलं तेव्हा एक पाय आखूड झाला, मग चारही पाय कापत कापत शेवटी ते बालवाडीला देऊन टाकलं. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असायची: ‘आई, तू जेवलीस का?’ मार्थाबाई त्या ओळीला, पोरानं समोर बसून विचारल्यासारखं, ‘हां’ म्हणायच्या. पण उत्तर लिहीत नव्हत्या. मी एकदोनदा कागद पुढं केला. त्यांनी तो घडी घालून डब्याखाली ठेवला.

इकडं पाळकांची वेगळीच अडचण झाली. महिन्यातून एकदा त्यांना मंडळीला सेवेचा वृत्तांत सांगावा लागे. ते माझ्याकडं येऊन हळूच विचारत, बाई, कामाची काही बातमी? मी पत्र पुन्हा चाळायची. चटणी असायची, बाकाचे पाय असायचे. पाळक मोठे सज्जन. मान हलवत म्हणायचे, बरं, बाक तर बाक. आणि रविवारी बाकाची गोष्ट सांगायचे. हळूहळू मंडळीतले लोक त्या वृत्तांताला वेळेआधी येऊन बसायला लागले.

पावसाळ्यात टपाल अडकायचं आणि पत्रं पुढंमागं व्हायची. एकदा पत्र आलं त्यात लिहिलं होतं, ‘आता मी अगदी बरा आहे, चालायला लागलोय, काळजी करू नको.’ मार्थाबाई म्हणाल्या, बरा म्हणजे? झालं काय होतं? पत्रात ते नव्हतं. ते आधीच्या पत्रात होतं, आणि ते पत्र आठवड्यानं आलं. त्यातली अक्षरं मलाही लागेनात इतकी थरथरलेली होती. मलेरिया झाला होता. ताप उतरत नव्हता. आगोगो म्हणजे शेजारची एक आजी, ती रोज पेज घेऊन येते आणि उशाशी बसून त्याला रागावते, असं काहीसं होतं.

मी वाचून संपवलं आणि म्हटलं, अहो, तो बरा झालाय, मागच्या आठवड्यातच आपण वाचलं ना.

मार्थाबाईंनी पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, “ते मागच्या आठवड्यात. आज त्याला ताप हाय.”

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पत्र मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मधूनच कागदावर तळहात ठेवायच्या, नर्स कपाळावर ठेवते तसा. मी त्यांच्याजवळ बसले. संध्याकाळी त्यांनी हिशोब केला, औषध सुरू होऊन किती दिवस झाले असतील, ताप आता उतरायला हवा. मग उठल्या, मागच्या आठवड्यातलं पत्र काढलं आणि म्हणाल्या, आता हे वाचा. मी पुन्हा वाचलं. ‘आता मी अगदी बरा आहे.’ तेव्हा कुठं त्यांनी तांदूळ निवडायला घेतले.

आणि मग ते पत्र आलं.

एका वस्तीवर आशीर्वाद उपदेशाला गेला होता. भाषा बऱ्यापैकी यायला लागली होती, म्हणून त्यानं बायबलमधला सोपा दाखला निवडला. बापाकडून आपला वाटा मागून घेऊन दूर देशी गेलेला आणि सगळं उधळून परत आलेला मुलगा. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, घरात वासरू कापतात, मेजवानी होते. आशीर्वादनं रंगवून सांगितलं. सगळे खूश झाले. तेवढ्यात मागून आगोगोनं हात वर केला. ती ह्याच्या मागं मागं त्या वस्तीवर आली होती. तिनं विचारलं, “बाप दारात उभा होता, थोरला भाऊ शेतात होता. त्या पोराची आई कुठं होती?”

 दाखल्यात आई येतच नाही. बायका आपसात बोलायला लागल्या, एक म्हणाली मेली असेल, दुसरी म्हणाली पोराच्या दुःखानं अंथरुणाला खिळली असेल. आगोगोला काहीच पटेना. शेवटी आशीर्वादनं कबूल केलं की मला माहीत नाही, पण मी माझ्या आईला विचारून सांगतो. पत्रात पुढं लिहिलं होतं, ‘आई, आता तूच सांग. इथं सगळ्या बायका वाट बघतायत.’

मी वाचून थांबले.  मार्थाबाईंनी डब्याखालचा कागद काढला, त्याची घडी हातानं दाबून सरळ केली आणि माझ्यापुढं ठेवला. म्हणाल्या, माझा हात आता कापतो, तुम्ही लिहा. काय लिहू, मी विचारलं.

“लिहा, आई आत होती. वासरू कापलं म्हणतात. मग शिजवलं कुणी?”

मी लिहिलं. त्या सांगत गेल्या, न थांबता, जणू इतके महिने तोंडात धरून ठेवलेलं होतं. ती रोज दोन भाकरी जास्त टाकत होती. संध्याकाळी त्या कुत्र्याला घालायची आणि सकाळी पुन्हा टाकायची. बाप दारात उभा राहायचा म्हणून सगळ्यांना दिसला. तिला चुलीपुढनं उठता येत नव्हतं. पोरगं आलं तेव्हा ती धावली नाही, कारण ते जेवलेलं नसणार हे तिला ठाऊक होतं. तिनं आधी चुलीत लाकूड सारलं. इथं त्या थांबल्या. मला वाटलं संपलं. मग म्हणाल्या, “आणि लिहा, ती रागावली होती. लई रागावली होती. पण ते जेवण झाल्यावर.”

खाली मी ‘तुझी आई’ असं लिहिलं. त्यांनी पेन घेतलं आणि त्याच्याखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘मी जेवले.’

त्याचं उत्तर यायला वेळ लागला. आलं ते पाकीट जाडजूड होतं. आशीर्वादनं त्या वस्तीवर परत जाऊन आईचं उत्तर वाचून दाखवलं होतं. भाकरीच्या ठिकाणी मक्याचे गोळे केले, बाकी सगळं तसंच. शिजवलं कुणी, ह्या वाक्यावर बायका उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. आगोगो म्हणाली, बघा, मी सांगत होते ना ती जिवंत होती. पुढच्या रविवारी पलीकडच्या वस्तीवरच्या बायका आल्या, आम्हाला ती सोलापूरच्या बाईची गोष्ट सांग म्हणाल्या. आशीर्वादनं लिहिलं होतं, ‘आई, मी इतके दिवस बोलतोय, कुणाला काय लक्षात राहत नाही. तुझं एक पत्र पाठ झालंय सगळ्यांना. आता मी जिथं जातो तिथं आधी तेच विचारतात.’

हे मात्र पाळकांना हवं तसं होतं. त्यांनी मार्थाबाईंची परवानगी मागितली आणि ते आशीर्वादची दोन्ही पत्रं आणि मी उतरवून ठेवलेलं आईचं उत्तर घेऊन गेले. वाचायला उभे राहिले, आणि आशीर्वादच्या अक्षरापाशी अडले. मग मला पुढं बोलावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये व्यासपीठावर उभी राहिले, आणि मार्थाबाईंचा उपदेश मराठीत वाचून दाखवला. मार्थाबाई पहिल्या रांगेत होत्या. ह्या वेळी त्या हसत होत्या, सगळ्यांना दिसेल असं.

त्यानंतर घरातून दर महिन्याला पत्र जायला लागलं. उत्तरं, सल्ले, तापाची औषधं, आगोगोच्या गुडघ्यांसाठी मालिश कशी करायची ते. आगोगोनंही उलट निरोप पाठवला की तुझं पोरगं कामाला चांगलं आहे, पण गाताना त्याला थांबवत जा.

मुदत संपल्यावर आशीर्वाद घरी आला. रापला होता, आणखी रुंद झाला होता. गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन बसला, प्रत्येक घरी जेवला. आठवड्यानं मला म्हणाला, शाळेनं अजून काही वर्षं राहाल का म्हणून विचारलंय. मी म्हटलं, आईला सांगितलंस का?  त्याला तो भिंतीपलीकडचा दिवस आठवत असणार. शेवटी त्यानं सांगितलं तेव्हा मी तिथंच होते. मार्थाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, “जा की. पण ह्या खेपेला मी बी येते. त्या म्हातारीला बघायचंय मला.”

त्या खरंच गेल्या. सहा महिने राहिल्या आणि तिकडून परत येणाऱ्या एका कुटुंबाबरोबर सुखरूप घरी आल्या. दोघी म्हाताऱ्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दिवसभर बोलायच्या म्हणे. आशीर्वादला मात्र, पडद्यावरचं सोडलं तर, मी त्या निघण्याच्या दिवसानंतर पाहिलेलं नाही.

मी सोलापूर स्टेशनवर त्यांना सोडायला गेले होते. दुपारची मुंबईची गाडी. मार्थाबाई खिडकीशी बसल्या, नव्या चपला पायांतून काढून मांडीजवळ ठेवल्या. डब्यात गर्दी होती, एक म्हातारं जोडपं उभं होतं, म्हणून आशीर्वादनं त्यांना आपली जागा दिली आणि वरच्या बर्थवर चढायला लागला. निम्मा चढला आणि अडकला. समोरच्या माणसानं एका बाजूनं ढकललं, म्हाताऱ्यानं काठीनं दुसऱ्या बाजूनं. सगळा डबा हसत होता आणि त्यात त्याचं हसणं सगळ्यात मोठं होतं. एकदाचा तो वर गेला. गाडी हलली. मी हात हलवत खिडकीबरोबर चालू लागले. त्याचा चेहरा वर कुठंतरी होता, मला दिसला नाही. दिसले ते त्याचे दोन पाय, बर्थवरून खाली लोंबणारे, मोजा एका पायात निळा आणि दुसऱ्यात काळा. मार्थाबाईंनी गजांतून मला हात केला, मग वर बघून त्या पायावर एक चापट मारली. पाय पटकन वर गेले, आणि गाडी वेगात निघून गेली.